आवळला तरी आठवड्यात सैल: घडीच्या चाकूचं पातं पुन्हा पुन्हा डुगडुगतंय तर

"बिजागरीचा स्क्रू आवळला, चार दिवस बरं चाललं, परत पातं हलायला लागलं." घडीचा चाकू रोज खिशात ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून हे वाक्य मी कधी ना कधी ऐकलं आहे. मी स्वतः आठ महिने याच चक्रात अडकलो होतो. खोकी उघडणं, दोरी कापणं, वायरवरचं आवरण सोलणं अशा कामांना लागणारा माझा चाकू दर आठवड्याला सैल व्हायचा. दर आठवड्याला मी टी८चा (सहा पाकळ्यांच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर काढून तो थोडा आवळायचो, आणि तेवढ्यावर काम झालं असं समजायचो. खरं दुखणं कुठे आहे हे मी एकदाही तपासलं नव्हतं. ते तपासायला लागते एक मार्करची रेघ आणि आठवडाभराचा धीर.

पण रेघेआधी दोन मिनिटांची एक चाचणी.

पातं कोणत्या दिशेने हलतंय?

पात्यावर जाड कागद गुंडाळून चिकटपट्टी लावा. धारेशी खेळत तपासणी करू नका, बोट कापतं ते नेमकं अशाच वेळी. चाकू पूर्ण उघडा, एका हाताने मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याचा मधला भाग धरा आणि आधी डावीकडे-उजवीकडे हलवून बघा, मग वर-खाली.

डावी-उजवी हालचाल असेल तर कारण बिजागरीपाशी आहे: स्क्रू, वॉशर किंवा मुठीच्या दोन बाजू. वर-खाली हालचाल असेल, म्हणजे धार आणि पाठ या दिशेने पातं झुलत असेल, तर तो लॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर अडवून धरणाऱ्या भागाचा प्रश्न आहे. त्यासाठी बिजागरीचा स्क्रू कितीही आवळला तरी उपयोग नाही. उलट पातं जड होतं आणि मूळ दोष तसाच राहतो. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात, म्हणून हे आधी ठरवा.

डाव्या-उजव्या हालचालीबद्दल एक हिशेब मनात असू द्या. समजा बिजागरीत एकूण ०.०५ मिलिमीटर पोकळी आहे आणि वॉशरचा व्यास १० मिलिमीटर. मग ८० मिलिमीटर लांबीच्या पात्याचं टोक प्रत्येक बाजूला साधारण ०.४ मिलिमीटर सरकतं. केसाएवढी पोकळी टोकाशी डोळ्यांना दिसेल इतकी मोठी होते. त्यामुळे टोक हलताना दिसलं की चाकू मोडला असं समजून घाबरू नका आणि एका दमात अर्धा फेरा आवळूही नका. तीन मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक स्क्रूला एका फेऱ्यात ०.५ मिलिमीटर अंतर कापता येतं, म्हणजे ही पोकळी भरायला दहावा हिस्सा फेरा पुरतो.

हा स्क्रू सैल होणारच

टेबलाचा किंवा सायकलचा स्क्रू का टिकतो? तो पूर्ण आवळला की किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे आटे एकमेकांवर दाबून बसतात. हा दाबच त्याला फिरू देत नाही. १९६९ साली गेरहार्ड युंकर या अभियंत्याने दाखवून दिलं की जोडावर आडवी, मागे-पुढे अशी हालचाल होत राहिली तर चांगला आवळलेला बोल्टसुद्धा आपोआप उलगडत जातो.

आता चाकूच्या बिजागरीकडे बघा. तिथे स्क्रू पूर्ण आवळता येतच नाही, कारण मग पातं फिरणार नाही. म्हणजे आट्यांवर दाब जवळजवळ नाही, आणि पातं दिवसातून पन्नास वेळा मागे-पुढे फिरून तोच स्क्रू घासतंय. अशा जागी नुसता आवळलेला स्क्रू आठवड्याने सैल झाला तर त्यात नवल नाही. तो टिकवायचा तर आट्यांना दुसरं काहीतरी धरून ठेवणारं हवं, नाहीतर बिजागरीची रचनाच वेगळी हवी.

वेगळी रचना म्हणजे बुशिंगची. ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा या चाकूमुळे ती अनेकांना माहीत झाली. त्यात अगदी नेमक्या लांबीची एक कडक नळी असते, स्क्रू त्या नळीवर पूर्ण आवळून बसतो आणि पातं नळीभोवती फिरतं. स्क्रूला ताणही मिळतो आणि पातंही मोकळं राहतं. मला ही सगळ्यात प्रामाणिक रचना वाटते, पण नळी इतकी नेमकी कापणं खर्चाचं काम असल्याने बहुतेक चाकूंत ती नसते. आपल्या हातात असतो तो साधा स्क्रू आणि त्याच्यासमोरची आट्यांची नळी. तिला पिव्हट म्हणतात.

मार्करची रेघ

पात्याची डुगडुग जेमतेम जाईल इतकाच स्क्रू आवळा. मग बारीक टोकाच्या मार्करने स्क्रूच्या डोक्यावरून मुठीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. दुसऱ्या बाजूलाही पिव्हटचं डोकं दिसत असेल तर तिथेही तशीच. यंत्रशाळेत महत्त्वाच्या बोल्टांवर अशी रेघ मारतात, बोल्ट फिरला की ती तुटलेली दिसते. आता आठवडाभर चाकू नेहमीसारखा वापरा आणि अधूनमधून रेघ बघा.

रेघ जागेवर आणि तरी पातं हलतंय, असं झालं तर स्क्रू निर्दोष आहे. काहीतरी झिजतंय किंवा दबतंय. एका बाजूची रेघ तुटली तर स्क्रू उलगडतोय, आट्यांना पकड नाही. दोन्ही बाजूंच्या रेघा एकाच वेळी, एकाच दिशेने सरकल्या तर अख्खा पिव्हट पात्याबरोबर मुठीत फिरतोय.

माझ्या चाकूत हे तिसरं होतं. आठ महिने मी ज्याला आवळणं समजत होतो त्यात बऱ्याचदा स्क्रूबरोबर समोरची नळीही फिरत होती, स्क्रू तिच्यात पुढे जातच नव्हता. स्क्रूड्रायव्हर फिरल्याचं हाताला जाणवायचं, म्हणून समाधान व्हायचं. रेघ ओढल्यावर तिसऱ्या दिवशी हे दिसलं आणि त्या वेळी मला मनापासून हळहळ वाटली, कारण उपाय अर्ध्या तासाचा होता.

स्क्रू उलगडत असेल तर

यात मुख्य दोषी तेल. पातं गुळगुळीत फिरावं म्हणून आपण बिजागरीत तेल सोडतो, ते पाझरून आट्यांत जातं आणि आट्यांची उरलीसुरली पकडही जाते. फवारणीचं पातळ तेल असेल तर आणखी लवकर. माझं स्पष्ट मत आहे की सैल बिजागरीच्या तक्रारींत जास्त तेलाचा वाटा स्क्रूच्या दर्जापेक्षा मोठा असतो.

उपाय असा. आधी हमीपत्र वाचा, कारण काही कंपन्या चाकू पूर्ण खोलल्यास हमी नाकारतात. पण इथे पूर्ण खोलायची गरज नाही, बिजागरीचा एकच स्क्रू काढायचा आहे. पातं मिटवून, धारेकडचा भाग पट्टीने बांधून, चाकू फडक्यावर आडवा ठेवा. बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, अगदी बरोबर मापाचा घ्या. बहुतेक चाकूंत बिजागरीला टी८ किंवा टी१० आणि मुठीच्या छोट्या स्क्रूंना टी६ लागतो. षटकोनी खाच आणि टॉर्क्सची सहा पाकळ्यांची खाच लांबून सारखी दिसते. चुकीचा बिट घातला तर खाच गोल होते आणि मग साधं काम अवघड होऊन बसतं. बिट सरळ उभा धरा, खाली दाबा आणि मगच फिरवा.

स्क्रू बाहेर आला की त्याचे आटे आणि नळीतले आतले आटे, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नळीसाठी कानकाडीचा कापूस पिळून बारीक करा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. हा भाग कंटाळवाणा आहे आणि लोक नेमका हाच टाळतात. पूर्ण वाळू द्या.

मग थ्रेडलॉकर. हा आट्यांत भरायचा द्रव हवा नसलेल्या जागी, धातूच्या संपर्कात घट्ट होतो. म्हणूनच बाटलीत तो पातळ राहतो आणि आट्यांत घट्ट बसतो. लोकटाइट या थ्रेडलॉकरच्या ब्रँडच्या क्रमांकांत बोलायचं तर चाकूच्या छोट्या स्क्रूंना जांभळा २२२ किंवा निळा २४३ योग्य. निळ्यांपैकी जुना २४२ ही चालतो, पण २४३ थोडंफार तेल उरलं असलं तरी पकड धरतो. लाल २७१ चाकूला लावू नका. तो सोडवायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत नायलॉनची मूठ टिकेल याची खात्री नाही. पात्याच्या पोलादाचं पाणीही त्याने उतरू शकतं.

प्रमाण किती? सुईच्या टोकावर येईल तेवढं. स्क्रूच्या शेवटच्या दोन-तीन आट्यांवर, चहूबाजूंनी नव्हे, एका ठिकाणी. जास्त लावलं तर ते बाहेर पाझरून वॉशरपर्यंत जातं आणि पातं चिकटतं. प्लास्टिकवर सांडलं तर लगेच पुसा, काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात.

आता स्क्रू बसवा आणि पातं उघडत-मिटवत योग्य जागा शोधा. माझी पद्धत अशी: डुगडुग पूर्ण जाईपर्यंत आवळायचं, पातं किंचित जड झालं की अगदी थोडं, घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाएवढं, मागे घ्यायचं. हे सगळं पाच मिनिटांत उरका, कारण द्रव घट्ट व्हायला लागल्यावर स्क्रू हलवला तर बसलेली पकड तुटते. मग चाकू २४ तास बाजूला ठेवा. स्टेनलेस पोलाद आणि टायटॅनियमवर हा द्रव साध्या पोलादापेक्षा हळू घट्ट होतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी घाई करून पातं झटकायला लागू नका. नवी रेघ ओढा.

तेल शेवटी, आणि एकच थेंब. पातं आणि वॉशर यांच्या फटीत, आट्यांपासून लांब.

अख्खा पिव्हट फिरत असेल तर

बऱ्याच चाकूंत पिव्हटचं एक डोकं किंवा नळीची एक बाजू सपाट तासलेली असते, इंग्रजी डी अक्षरासारखी, आणि मुठीतलं भोकही तसंच. त्यामुळे नळी फिरत नाही. माझ्या चाकूत भोक गोल होतं. अशा वेळी दोन बिट लागतात: एक समोरच्या डोक्यात घालून धरून ठेवायला, दुसरा फिरवायला. समोर खाच नसेल, नुसतं गुळगुळीत डोकं असेल, तर त्यावर रबराचा तुकडा घट्ट दाबून धरल्याने बहुतेक वेळा पुरेशी पकड मिळते.

पण ही फक्त आवळण्यापुरती सोय झाली. पिव्हट वापरात फिरत राहिला तर आटे पुन्हा उलगडतील. म्हणून मी आटे धुऊन निळा २४३ लावलाच, शिवाय नळीचं डोकं मुठीत जिथे बसतं तिथे जांभळ्याचा बारीक ठिपका लावला. माझी मूठ धातूची आहे म्हणून हे जमलं. प्लास्टिकच्या मुठीत हे करू नका. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ रेघ जागेवर आहे.

रेघ जागेवर, तरी पातं हलतंय

आधी सगळ्यात सोपं कारण: मुठीचे बाकीचे स्क्रू. मुठीच्या दोन बाजू मागच्या टोकाला सैल असतील तर त्या एकमेकींवर सरकतात आणि हाताला वाटतं बिजागरीच सैल आहे. म्हणून क्रम पाळा. आधी मुठीचे स्क्रू, बिजागरी शेवटी. उलटा क्रम केला तर मुठीचे स्क्रू आवळताना बिजागरीचं गणित बिघडतं आणि मिटलेलं पातं एका बाजूला घासायला लागतं.

नव्या चाकूत पहिल्या काही आठवड्यांत वॉशर घासून बसतात. तेव्हा एकदा, फार तर दोनदा आवळावं लागणं स्वाभाविक आहे. फॉस्फर ब्राँझचे वॉशर एकदा बसले की वर्षानुवर्षं टिकतात. नायलॉनचे आणि टेफ्लॉनचे मऊ असतात, दाबाखाली पसरतात, आणि जास्त आवळल्याने आणखी पातळ होतात. ते बदलणं हाच उपाय.

बॉल बेअरिंगच्या चाकूंत एक वेगळा दोष दिसतो. पातं एका बोटाने उघडतं म्हणून हे चाकू लोकांना आवडतात, मलाही. पण बेअरिंगच्या गोळ्या कडक पोलादी चकतीवर न फिरता थेट मऊ टायटॅनियमवर फिरत असतील तर तिथे हळूहळू गोल चर पडतो. मग आवळलं की पातं जड, सोडलं की सैल, मधली जागाच सापडत नाही. असा चाकू थ्रेडलॉकरने सुधारत नाही. कंपनीकडे पाठवा.

आणि बिजागरीतली खिशातली घाण. कपड्याचे तंतू, धूळ, वाळूचा कण. पातं फिरताना करकर जाणवत असेल तर आवळण्याआधी कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घेऊन धुवा, पातं उघडत-मिटवत राहा, हवेने पूर्ण वाळवा. लाकडी मुठीला मात्र पाण्यात बुडवू नका.

रिव्हेटचे चाकू

ज्या चाकूंना स्क्रूच नाही, खिळ ठोकून बसवलेली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. साध्या स्प्रिंगचे, लॉक नसलेले बहुतेक पारंपरिक चाकू असेच असतात. इथे सैल झालेली रिव्हेट पक्क्या लोखंडी ठोकळ्यावर ठेवून, गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने तिच्या डोक्यावर अगदी हलके दोन-चार ठोके मारले की ती किंचित फुगते आणि पोकळी भरते. प्रत्येक ठोक्यानंतर पातं फिरवून बघा. जास्त घट्ट झालेली रिव्हेट सैल करणं फार अवघड असतं, त्यामुळे घाई केली तर परतीची वाट नाही.

ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूत तक्रार बरोबर उलटी येते: ओलसर हवेत लाकूड फुगतं आणि पातं बाहेरच येत नाही. तिथे नखांनी झगडण्याऐवजी मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टिचकीसारखं आपटा, पातं थोडं बाहेर सरकतं आणि धरता येतं. लाकूड सुकलं की तो आपोआप मोकळा होतो. १९५५ पासून ओपिनेलला फिरणारं पोलादी कडं आहे आणि तेच पातं अडवतं. पातं उघडलं की कडं फिरवायला विसरू नका.

वर-खाली हालचाल

हे मी थोडक्यात सांगतो, कारण घरी करण्यासारखं यात कमी आहे. लायनर लॉक किंवा फ्रेम लॉक असेल, म्हणजे मुठीतली धातूची पट्टी सरकून पात्यामागे अडत असेल, तर पातं उघडून लॉकची पट्टी पात्याच्या मागच्या भागावर किती सरकली आहे ते बघा. रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असेल तर उत्तम. पार पलीकडच्या बाजूला टेकली असेल तर लॉक झिजलं आहे. १९६४ च्या बक ११० सारख्या पाठीवरच्या लॉकमध्ये पाठीच्या खाचेत तंतू साचले की लॉक पूर्ण खाली बसत नाही आणि वर-खाली झुलतं. दात कोरायच्या काडीने खाच साफ करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. साफ करूनही झुलत असेल तर त्या लॉकवर बोटं सोपवू नका. आणि पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची जी पद्धत काही जण वापरतात, ती करू नका. रोजच्या वापरात असा धक्का येत नाही, पण चांगलं लॉक त्याने खराब होऊ शकतं.

पातं वजनाने पडावं म्हणून सैल ठेवणाऱ्यांना

हे मला आवर्जून लिहायचं आहे. लॉक सोडलं की पातं आपल्या वजनाने खाली पडावं, ही आवड आता फार पसरली आहे. त्यासाठी लोक चांगला बसलेला स्क्रू मुद्दाम सैल करतात आणि मग डुगडुग झाली की तक्रार करतात. चाकू चांगला आहे का हे त्यावरून ठरवू नका. खिशात राहणाऱ्या चाकूची पहिली कसोटी आहे तो मिटलेला राहतो का. लायनर लॉकमध्ये पट्टीवर एक छोटी गोळी असते, ती पात्याच्या खळग्यात बसून पातं मिटलेलं धरते. चाकू मिटवून, पात्याचा भाग जमिनीकडे करून, मनगटाने दोन-तीन जोरदार झटके द्या, अर्थात समोर कुणी नसताना. पातं जरासुद्धा बाहेर आलं तर तो चाकू खिशात ठेवू नका. सैल बिजागरीत पातं बाजूला कलतं, गोळी खळग्यात नीट बसत नाही आणि ही पकड आणखी कमी होते. खिशात हात घालताना उघडं टोक लागलं तर जखम खोल होते.

नवा चाकू घेताना माझी तपासणी आता याच क्रमाने होते. बिजागरीला स्क्रू आहे की रिव्हेट, खाच टॉर्क्सची आणि नेहमीच्या मापाची आहे का की कंपनीच्या खास अवजाराशिवाय उघडणार नाही, पिव्हटला डीसारखी सपाट बाजू आहे का, वॉशर कशाचे आहेत, झटका दिल्यावर पातं मिटलेलं राहतं का. पोलादाचं नाव मी यानंतर बघतो. धार गेली तर दगडावर पुन्हा लावता येते, पण जिचा पिव्हट सुटतो आणि जी खोलताच येत नाही अशा बिजागरीला मालकाच्या हातून काही करता येत नाही. पहिल्याच दिवशी स्क्रूवर रेघ ओढतो आणि महिन्याभराने ती बघतो. ती जागेवर असेल तरच तो चाकू रोज बरोबर न्यायला सुरुवात करतो.